ठमीचा खुराक

मंगळवार, ४ मार्च
आले — सुक्या गवताचे बारा भारे, ४८०. कोंडा एक पोतं, २१०. हरभरे, ३००. खरारा नवीन घेतला नाही, जुनाच घासून ठेवला.

आणि आली आमची घोडी, ठमी! गाडी उलटून ह्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा इस्पितळाच्या बिलापायी रपेट शिकवणाऱ्या मास्तरांना तिला विकलं होतं. त्यांच्याकडे जागा नाही. म्हणून ती आणि त्यांचे आणखी दोन घोडे आता आपल्याच तबेल्यात, भाड्यानं. फाटकातूनच तिनं ह्यांना साद घातली. हे काठी टेकत गेले ते तासभर आलेच नाहीत.

दर मला ठरवायचाय.

गुरुवार, ६ मार्च
घोड्यामागे महिना चौदाशे खर्च बसतो. नालबंद म्हणाला, "वहिनी, लीद काय देव येऊन काढतो? तुमचे हात धरा की हिशेबात." धरले. अठराशे. हे म्हणाले, ठमीचे घेऊ नकोस, लेकीकडून कोणी खानावळीचे पैसे घेतं का. लेक कोणी विकतं का, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

शनिवार, ८ मार्च
मास्तर पाठीवर बसले की ठमी मान वळवून ह्यांच्या खिडकीकडे बघते. जागची हलत नाही. आज शिकायला आलेल्या एका बाईंना पाडलं. हे खिडकीत हसले — अपघातानंतर पहिल्यांदा. मी मास्तरांचं तोंड बघत होते.

रविवार, ९ मार्च
मास्तर आले. दराला का-कू नाही. उलट घोड्यामागे पंचवीसशे देतो म्हणाले. अट एकच — "यजमानांनी चार महिने तिच्या नजरेस पडायचं नाही. आवाजही कानी जायला नको. त्याशिवाय ती माझी व्हायची नाही, बाई." जमत नसेल तर तिन्ही घोडे हलवणार.

इस्पितळाचे अजून निम्मे द्यायचेत. वाण्याकडे तोंड दाखवायची सोय नाही. आणि हे चालतात ते तिच्यापर्यंतच, दिवसातून तीनदा. चालणं थांबलं की खाट धरतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. पूजेला बसले, पण देवाकडे मागू काय? काही मागितलंच नाही. नुसती बसून राहिले.

मंगळवार, ११ मार्च
ह्यांना सांगितलं. काठी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. जेवले नाहीत.

दुपारी ठमी खिंकाळली. झोपेतच ह्यांनी ओ दिली. पुन्हा ती, पुन्हा हे. मधे एक भिंत, ती काय पुरणार! मी दोन्ही कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी.

बुधवार, १२ मार्च
मास्तरांना होकार कळवला. मग माझ्या थोरल्या भावाला कार्ड टाकलं —

"दादा, ह्यांना चार महिने तुझ्याकडे ठेवून घे. खाणं फार नाही. रोज दोनदा हात धरून फिरवावं लागेल. सगळं धरून महिन्याचं काय घेशील, ते उलट टपाली कळव."