गल्लीतली बंद शाळा

प्रिय दादा,

आई गेल्याचं तुला फोनवर कळवलं. बाकीचं फोनवर बोलता आलं नाही.

बरे न होणाऱ्या आजाऱ्यांना शेवटचे दिवस काढायला जागा हवी, म्हणून तू नगररचना खात्यात असताना आपल्या गल्लीतली बंद शाळा सुचवली होतीस. तेव्हा सगळ्यांत जास्त भांडली ती आपली आईच. "माझ्या दारावरून रोज मढी नेणार का?" तू घर सोडलंस, आणि ते केंद्र गेलं शहराबाहेर, टेकडीवर.

शेवटी तिला तिथेच ठेवावं लागलं. दोन बस बदलून, शिवणकाम सांभाळून रोज जाणं मला जमेना. शेजारणी तर एकदाही पोचल्या नाहीत. एकदा आई म्हणाली, "इतक्या लांब कुणी बांधलं गं हे? त्या मेल्याला आई नव्हती का?"

मी म्हटलं, "जागा मिळाली नसेल."

ती गेली तेव्हा मी दुसऱ्या बसची वाट बघत होते.

हे पत्र टाकणार नाही. तुझंच बरोबर होतं, हे तिच्या माघारी सांगायला जीभ रेटत नाही.

काल भेटायला सगळी गल्ली लोटली. माणसं घरात मावेनात, तेव्हा शेजारच्या काकांनी शाळेचं कुलूप काढलं आणि सगळ्यांना आत बसवलं.

तुझी,
धाकटी