लोकरीचा बाळंतविडा

भेस्तान, सुरत
८ मार्च २०२६

चि. सौ. गौरीस,

अनेक आशीर्वाद. सुमितरावांनाही सांग. तुम्ही दोघं खुशाल असाल आणि तिसरं पोटात लाथा मारत असेल, असं धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. तू विचारलं नाहीस, तरी पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

पाकिटावर भूतानचं तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मी सुरतेत आहे. फिरायला आले नाही, राहायला आले आहे. बुमथांगची शाळा डिसेंबरात सोडली. अजून दोन वर्षं थांबा म्हणून फार आग्रह झाला, मुलींनी तर दारात बसून रडारड केली, पण माझं ठरलं होतं. तीस वर्षांचा संसार चार ट्रंकांत भरला, फेब्रुवारीअखेर फुन्शोलिंगला सरहद्दीची वेस ओलांडली आणि गाड्या बदलत तीन दिवसांनी इथे उतरले.

अंगात स्वेटर तसाच होता. रिक्षावाल्यानं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "मासी, ताव आव्यो छे?" म्हटलं, ताप नाही रे बाबा, बर्फातून आले आहे. त्याचा काही विश्वास बसला नाही. घर येईपर्यंत तो मला वाटेतले दवाखाने दाखवत होता.

सुरतच का, असं तू विचारशील. तर माझे गुडघे. डॉक्टर म्हणाले, आता थंडी सोसणार नाही, एखादं उबदार गाव बघा. उबदार गावं भारतात पुष्कळ आहेत हे मलाही ठाऊक आहे, भूगोल मीच शिकवत होते. मला सुरत बरी वाटली. बस.

भेस्तानला दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलंय. खाली कापडाचे माग चालतात. त्यामुळे फरशी दिवसभर थरथरते आणि फळीवरचे डबे हळूहळू कडेला येतात. रोज संध्याकाळी त्यांना मागे ढकलते. शेजारी पुष्पाबाई राहतात. मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा धुडकू मागावर आहे आणि त्या घरी बसून साड्यांचे लोंबते दोरे कापतात. पहिल्याच दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. "एकल्याच शेतस का? पोरंसोरं?" म्हटलं, एक मुलगी आहे. "कथं ऱ्हास?" कुठे राहते ते न सांगता मी चहाचं विचारून विषय बदलला.

तू अडाजणला राहतेस हे मला माहीत आहे. घाबरू नकोस, न कळवता दारात येऊन उभी राहणार नाही. फोन उचलत नाहीस त्याचाही राग नाही. आपल्याला पहिल्यापासून पत्रांचीच सवय. सात वर्षांची होतीस तेव्हा मामाकडे नाशकात ठेवलं तुला. तेव्हापासून दर रविवारी मी लिहीत आले. तू थांबलीस तरी मी थांबले नाही.

सोबतच्या पार्सलात बाळंतविडा आहे. पहिल्या नातवंडाला आजीकडून जायचाच असतो. टोपडी, मोजे, झबली, दोन पांघरुणं, सगळं हातानं विणलेलं. विणायला बसले तेव्हा खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होता.

जपून राहा. जिना उतरताना कठडा धर.

तुझी,
आई


भेस्तान
२९ मार्च २०२६

चि. गौरीस,

आशीर्वाद. पार्सल परत आलं. वर तुझी चिठ्ठी, "इथे मेमध्ये बेचाळीस अंश असतं. लोकर चालणार नाही." नाव नाही, गाव नाही, खाली सही नाही.

आता म्हातारी हिरमुसून बसेल असं तुला वाटलं असेल. मी ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. अठरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, गौरी. ओळ अजून उजवीकडे वर चढते तुझी.

आणि तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तिथे बाळ जन्मलं की दुधाच्या आधी लोकर लागते. तीस वर्षं तेच बघितलं. नातवंड म्हटल्यावर हातानं आपोआप सुया घेतल्या, सुरतेचा मे महिना डोक्यात आलाच नाही. भूगोल शिकवणारी बाई मी! वर्गातल्या एखाद्या मुलीनं ही चूक केली असती तर तिला नकाशासमोर उभं केलं असतं.

पुष्पाबाईंनी ते मोजे बघितले आणि कपाळाला हात लावला. "माय वं! मॅडम, पोऱ्याले उकडी काढतस का काय? आठे दगडवर अंडं ठेवं तं शिजस, आनि तुम्ही लोकरनी टोपी करतस!" पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर विचारलं, कोणाचं बाळ. मग सांगावंच लागलं.

"पोरगी अडाजणले, आनि तुम्ही आठे?" त्यांना काही उलगडेना. "पोरगी माहेरले जास. माहेर कधी पोरगीकडे येस का?"

मी म्हटलं, येतं. खिंड उघडी असली की येतं.

त्यांना खिंडीचं काही कळलं नाही. तुला कळलं असेल. असो.

गुडघ्यांचं मी खोटं लिहिलं होतं. गुडघे ठणठणीत आहेत. नोव्हेंबरात नूतनवहिनीचा फोन आला. दादाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, त्यामुळे तुझं बाळंतपण तिला नाशकात करता येणार नव्हतं. तिनं ते तुला भीत भीत सांगितलं. तू म्हणालीस, "हरकत नाही मामी, बाई ठेवीन मी. तुझं घर सोडलं तर मला माहेर आहेच कुठे?" वहिनी फोनवर रडत होती. मी रडले नाही. फोन ठेवला आणि शाळेला पत्र लिहिलं की पुढच्या वर्षी मला धरू नका.

तसं म्हणायचा तुला हक्क आहे. पण ते मी निमूट ऐकून घ्यावं, असं कुठे लिहिलेलं नाही. मुलीला माहेरी जाता येत नसेल तर माहेरानं उठून यावं. आलंय. दादा म्हणतो, हा तुझा हट्ट आहे, नीला, पोरीच्या सासरचे हसतील. हसू देत. हट्ट तर आहेच.

खाटेला नवा सुंभ भरून घेतला, ती खिडकीशी लावली. खालच्या मागवाल्यांना सांगून ठेवलंय की मेपासून दुपारी दोन तास आवाज बंद. ते हसले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही गेले. आता हसत नाहीत, कुठले दोन तास ते विचारतात.

डिंक आणि हळीव आणून ठेवले आहेत. लाडू मात्र आत्ताच करत नाही, उन्हानं खवट होतील. बघ, शिकते आहे मी.

तुझी,
आई


भेस्तान
१९ एप्रिल २०२६

चि. गौरीस,

आशीर्वाद. नवं पार्सल पाठवते आहे. यात लोकरीचा धागासुद्धा नाही.

दुपटी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचीच लागतात, नवं कापड बाळाला टोचतं. एवढं मलाही माहीत होतं. पण माझ्याकडे जुनी सुती साडी कुठली? सगळं आयुष्य लोकरीत गेलं. म्हटलं, साड्यांच्या शहरात राहतो आपण, एक जुनेर मिळणार नाही? आठ दिवस दारोदार फिरले. ज्या बाईनं पेटी उघडावी तिच्यात पॉलिस्टर! चकचकीत, गुळगुळीत, घाम न टिपणारं. मी हात टेकले तेव्हा पुष्पाबाई आत गेल्या आणि तळातून एक हिरवं लुगडं घेऊन आल्या. "हाई मन्ही सासूनं शे. तिनी नेसीनेसी मऊ कयं. फाडा."

माझा हात होईना. त्यांनीच दातानं कड तोडली आणि टर्रकन फाडलं. मग आम्ही दोघींनी चार दुपारी बसून हातशिलाईनं बारा दुपटी केली, सहा लंगोट आणि चार टोपडी. टाके वेडेवाकडे दिसतील ते माझे.

आता खिंडीचं.

पार्सलात सगळ्यात खाली एक निळं पाकीट आहे. ते उघडायच्या आधी हे वाच.

तू तेरा वर्षांची होतीस. हिवाळ्याची सुट्टी नाशकात काढून बाबा आणि मी परत गेलो आणि पाठोपाठ तू एक पत्र लिहिलंस. पुढच्या डिसेंबरात आम्ही आलो तेव्हा दारातच तू विचारलंस, "माझं पत्र मिळालं होतं का?" मी म्हटलं, "कुठलं गं? खिंड बर्फानं बंद होती, महिनाभर टपालच नव्हतं." तू माझ्याकडे बघितलंस आणि आत निघून गेलीस. त्यानंतर तू मला एक ओळ लिहिली नाहीस.

खिंड बंद होती ते खरं आहे. पण मार्चमध्ये ती उघडली आणि पहिल्याच गाडीनं तुझं पत्र आलं.

मी ते वाचलं. तू लिहिलं होतंस, मला पाळी आली, मामीनं सगळं नीट समजावलं, पण मला तूच हवी होतीस. मी थंडीत राहीन. मी शेगडीजवळ बसून अभ्यास करीन, त्रास देणार नाही. मला न्यायला ये.

बाबांनी वाचलं आणि ट्रंक काढली. म्हणाले, "उद्याच निघू." ती ट्रंक मीच पुन्हा माळ्यावर टाकली. तुला वाटत आलं की बाबाच कडक, त्यांनीच तुला लांब ठेवलं. तू त्यांच्याशी तुटक वागलीस, ते ऐकून घेत राहिले, आणि ते गेल्यावरही मी तुला खरं सांगितलं नाही. त्यांनी एकदाही माझं नाव पुढे केलं नाही.

का नाही आले, तेही सांगते. त्या वर्षी आमच्या शाळेतून पहिल्यांदाच अकरा मुली दहावीला बसणार होत्या. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तुला न्यायला आले असते तर तुझं तोंड बघून तिथेच राहिले असते, परत गेले नसते. आणि मला परत जायचं होतं. तिथे मी कुणीतरी होते. तुझ्या शिक्षणासाठी तुला नाशकात ठेवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते अर्धंच खरं होतं.

काम केलं याची मला लाज नाही, गौरी. आजही नाही. त्या अकराच्या अकरा पास झाल्या, आणि हे मी मान वर करूनच लिहिते आहे. लाज वाटते ती खोट्याची. तेरा वर्षांच्या मुलीला दारात उभं राहून खोटं सांगितलं आणि तिनं ते ओळखलं. तुझं पत्र मी फाडू शकले असते. अठरा वर्षं जपून ठेवलं. आता तुझं तुझ्याकडे ठेव, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून तरी.

रागव. पार्सल परत पाठव, मी तिसऱ्यांदा पाठवीन. बाई ठेवायची तर ठेव, मी तिच्या हाताखाली काम करीन. नाही, हे पुन्हा खोटं झालं. मी तिला एक दिवस टिकू देणार नाही. तू नाहीच आलीस तरी मी इथून हलणार नाही. बाळ पाचवीत जाईल, दहावीत जाईल, तेव्हाही मी बसच्या अंतरावरच असेन आणि दर रविवारी तुझ्या पेटीत पत्र पडेल. फरशी थरथरते, उकडतं, डास आहेत, सगळं सोसेन. तीस वर्षं बर्फात काढलेली बाई तुझ्या सुरतेच्या उन्हाला भिणार आहे होय?

तुझं पत्र मला मिळालं, गौरी. उत्तर द्यायला अठरा वर्षं लागली. तू लिहिलं होतंस, मला न्यायला ये.

आले आहे.

तुझीच,
उशिरा निघालेली
आई