दोनशे बारा बरे

३ फेब्रुवारी
पोचले बाई एकदाची! वाईहून एसटीनं दहिवडी, पुढं वडापची जीप. आठ दिवसांचं काम आहे: इथल्या आरोग्य केंद्रात बरे झालेले पेशंट खरंच बरे आहेत का, ते घरोघरी जाऊन बघायचं. माझ्या अहवालावर केंद्र राहणार की बंद होणार ते ठरेल. सिस्टर शकुंतलाबाईंनी गरमागरम पिठलं-भाकरी वाढली. दहा तारखेला माझ्या समीक्षाचा पाचवा वाढदिवस. काहीही करून पोचायचंच, नाहीतर लेक बोलायची नाही माझ्याशी.

४ फेब्रुवारी
रजिस्टर बघून हसूच आलं. वर्षात दोनशे बारा पेशंट, सगळ्यांपुढं 'बरा' नाहीतर 'बरी'. 'दगावला'चा रकाना कोराच्या कोरा. असं कुठं असतं का? सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडं कुणी दगावत न्हाई. म्हटलं, बघूच.

५ फेब्रुवारी
दादासो मेंढपाळ, न्यूमोनियातून उठलेले. लय बरं हाय म्हणाले. ब्लडप्रेशर घेतलं तर मशीनवर आकडाच येईना. स्वतःला लावलं, एकशे वीस-ऐंशी. त्यांचा हात भलताच गार होता. ते वाघरापाशी, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, गेले तशी त्यांचीच मेंढरं पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढली. दवाखान्यातनं आल्यापास्नं असंच करत्यात, असं सून अंजना म्हणाली.

६ फेब्रुवारी
सात घरं झाली. सातही जण म्हणाले, लय बरं हाय. एकाचीही नाडी लागली नाही. मीच चुकतेय का? अंजनानं बाजूला घेऊन सांगितलं, मामंजी त्या दुपारी केंद्रातच वारलं हुतं, आमी रडलो सुदिक. सांजच्याला सिस्टर त्यास्नी चालवत घरी घिऊन आल्या.

७ फेब्रुवारी
मलाच ताप. उद्याच्या जीपनं निघायचं. सिस्टर सुई घेऊन आल्या. नको म्हटलं. नको म्हणजे नको!

८ फेब्रुवारी
जीप आलीच नाही. छाती भरलीय, श्वास — सिस्टर उशाशी बसल्यात. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहितायत. पुढं 'बरी' — आत्ताच? समीक्षा, मी येते गं, मी —

९ फेब्रुवारी
लय बरं हाय.
दुपारी अंजनाकडं गेले. मेंढरं कोपऱ्यात पळाली. मशीन लावलं. आकडा नाही. भ्यायला हवं होतं ना मी?
अहवाल पाठवला. केंद्र चालू ठेवावं.
घरून यांचा फोन. समीक्षाला ताप. म्हटलं, वाईत कुणालाही दाखवू नका, मी न्यायला येतेय. इथं आणली की माझी पोर दोन दिवसांत —