एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर

परळी, रविवार, दिवेलागणीची वेळ

शेषरावचं इंजिन आज माझ्या हातून जळालं. बोटाएवढं इंजिन. रेल्वेत ड्रायव्हर असताना तो चालवायचा त्याच नंबरचं, स्वतःच्या हातानं रंगवलेलं. माझ्या मॉडेल रेल्वेच्या डिजिटल कंट्रोलरला पंधरा व्होल्टचा अडॅप्टर लावा, असं पुस्तिकेत स्वच्छ छापलंय. मी लॅपटॉपचा एकोणीसचा लावला. कावून? तर संध्याकाळी आपल्याकडं व्होल्टेज पडतं, चढता असलेला बरा! अरे, घरातलं व्होल्टेज पडलं तरी अडॅप्टर एकोणीसच देतो. औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये जन्म गेला माझा, आणि एवढं कळू नये?

इंजिन वीतभर धावलं आणि आतून धूर. शेषराव म्हणाला, "माज्याच हातून पडलं आसंल बे कवातरी. उगंच तुजा डाव मोडला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तो एकोणीसचा अडॅप्टर पायानं पलंगाखाली सारला.

केंद्रातला संच बंद पडला की लॉगबुकात खरं कारण लिहायचो, चूक साहेबाची असली तरी. आजचंही लिहिलं. पण या वहीत, जी शेषराव कधीच उघडणार नाही.