घसा, दोनशे वीस अंशांवर

१२ मे, रविवार

आज चर्चच्या भोजनात माझा अपमान झाला. प्रार्थना म्हणावयास उठलो, पहिल्याच शब्दाला घसा खरखरला, आणि निवृत्त दंतवैद्य ड्वाइट लबॉक याने भर पंगतीत खिशातून खोकल्याची गोळी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाला, घ्या मास्तर, चघळा, चार जुलैपर्यंत टिकायला हवं ना तुम्हाला. सगळे हसले. व्हर्नाही हसली. पत्नीने हसावयास नको होते.

चार जुलैला गावच्या बँडस्टँडवरून स्वातंत्र्याचा जाहीरनामा मी वाचतो. हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो तेव्हापासून मीच वाचतो, आणि माइकशिवाय वाचतो. शेवटच्या बाकावरील माणसाला माझा स्वल्पविरामही ऐकू जातो. लबॉकचा त्या व्यासपीठावर डोळा आहे.

संकल्प: घसा कोरडा पडण्याचे कारण शोधून ते समूळ नष्ट करणे. एक आठवडा पुरे.

१३ मे

वस्तुस्थिती प्रथम नीट मांडावी. हिवाळ्यापासून मी खुब्याच्या सांध्यासाठी गांजा घेतो. डॉक्टरांना ठाऊक आहे, पाद्रीबाबांना ठाऊक आहे, कोलोरॅडोच्या कायद्याला मान्य आहे. धूर मात्र काढीत नाही. धूर काढणे हे ज्यांना वाक्य पूर्ण करता येत नाही त्यांचे काम. जावई आर्मिन याने नाताळात श्टुटगार्टहून व्हेपरायझर आणून दिले. त्यात गांजाचे फूल जळत नाही, केवळ तापते आणि वाफ येते. पुस्तिका जर्मन भाषेत आहे. वाचली नाही. गरजही नव्हती.

यंत्र २२० या आकड्यावर ठेवतो. त्यापुढे आकडा जातच नाही. शेजारी एक बारीक ‘सी’ हे अक्षर उमटते, तेही पूर्णबिंदूवाचून. संक्षेपानंतर पूर्णबिंदू न देणाऱ्या राष्ट्राविषयी माझे मत किंचित खाली आले आहे. हा ‘सी’ म्हणजे ‘क्लीन’ असावा. यंत्र स्वच्छ असल्याची ग्वाही ते स्वतःच देते. सोय चांगली आहे.

१५ मे

गांजाच्या दुकानात गेलो. फलकावर शुद्धलेखनाच्या दोन चुका. त्या दाखवून मगच आत शिरलो. गल्ल्यावरील टॅम्सिन नावाच्या बाईने फलकाबद्दल आभार मानले नाहीत. घशाचे म्हणाल तर, ती बोटांवर मोजत म्हणाली, आजोबा, आच कमी ठेवा, बारीक बारीक झुरके घ्या, आधी पाणी प्या, यंत्र पुसत जा, आणि फूल फार वाळू देऊ नका.

मी तिचा आजोबा नाही.

आच किती ठेवावी, असे विचारले. तीनशे पासष्टच्या आसपास, म्हणाली. मी तिला शांतपणे सांगितले की मी दोनशे वीसवर ठेवतो. ती मोठ्याने हसली. म्हणाली, अहो, दोनशे वीसला चहाचं पाणी जेमतेम उकळतं, त्यात वाफ कसली निघणार, वाढवा जरा. मी म्हणालो, वाफ भरपूर निघते. मग तुमचं यंत्र खोटं बोलतंय, म्हणाली.

जर्मन यंत्र खोटे बोलते, असे नाकात रिंग घातलेली बाई मला सांगते. रागाने बाहेर पडलो. सुट्टे पैसे तिथेच राहिले. तथापि एक गोष्ट सिद्ध झाली: आच निर्दोष आहे. गाव तीनशे पासष्टवर भाजून घेते, मी दोनशे वीसवर. या गावात माझ्याइतके सौम्यपणे कोणीही घेत नसेल.

दोषी आहे ती हवा. डोंगरावरची ही हवा कागददेखील कुरकुरीत करते.

१९ मे

हवेचा बंदोबस्त केला. फूल वाळू नये म्हणून बरणीत संत्र्याची साल घातली. इथले जुने लोक एक लहानसा तुकडा घालतात. मी अख्ख्या संत्र्याची घातली. अर्धवट काम मला आवडत नाही.

२४ मे

बरणीत पांढरी लव. व्हर्नाने झाकण उघडले आणि म्हणाली, मेरिट, ह्यात काय मेलंय? संपूर्ण बरणी फेकावी लागली. संत्रे फ्लोरिडाचे होते. त्या राज्याकडून मी कधीच काही अपेक्षिलेले नाही.

२७ मे

पाणी. दर झुरक्याआधी एक पेला, नंतर एक पेला. व्हर्ना म्हणाली, घशाला पाणी देतोयस की परसातल्या टोमॅटोंना? उत्तर देणार होतो. परंतु स्नानगृहात जावे लागले.

घसा तसाच. वर झोप नाही.

२ जून

आच आणि हवा दोन्ही निकालात निघाल्यावर वाफ थंड करणे एवढेच उरते. काचेचे पाण्याचे भांडे मागविले. वाफ त्यातून बुडबुडे काढीत येते. खूण केली आहे तिथवरच पाणी भरावे, असे वेष्टनावर होते. मी काठोकाठ भरले. पहिल्या झुरक्याला तोंडभर कडू पाणी आले. ओरडलो. शेजारच्या मिसेस हॅलोरन यांनी कुंपणावरून विचारले की, मास्तर, पडलात का? पडलो नाही, असे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या फळे भरलेली गोड पाई भाजून घेऊन आल्या.

पाई चांगली होती. पीचची. घसा अधिकच बिघडला, कारण वरचा कुरकुरीत थर.

५ जून

व्हर्ना यंत्र हातात घेऊन उभी. नळीत बोट घातले आणि काळा डिंक बाहेर काढून मला दाखवला. म्हणाली, ही नळी आहे का गाडीचा सायलेन्सर, स्पिरिट घे आणि पूस, कधी पुसलीस शेवटची? मी तिला पडद्यावरचा ‘सी’ दाखवला. यंत्र स्वच्छ असल्याचे यंत्रच सांगते आहे. तिने माझ्याकडे काही वेळ पाहिले, मग यंत्राकडे पाहिले, आणि म्हणाली, बरं बाबा, तुम्ही दोघं ठरवा.

अशा वेळी न बोलणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण. तीन वेळा बोललो, मग थांबलो.

९ जून

कॉफी बंद. कॉफीने कोरड पडते, असे वर्तमानपत्रात होते. (लेखात ‘कमी’ या अर्थी चुकीचा शब्द. संपादकांस पत्र लिहिले.)

९ जून, दुपार

कॉफी सुरू. संपादकांस लिहिलेले पत्र फार कडक झाले होते. कॉफीनंतर ते तितकेसे कडक वाटले नाही, म्हणून टपालात टाकले.

२० जून

चार जुलैच्या समितीने वाचनालयात ‘ऐकण्याचा कार्यक्रम’ ठेवला. चाचणी हा शब्द वापरण्याचे धैर्य नाही. एवढ्या वर्षांत माझी कोणी परीक्षा घेतली नाही; परीक्षा मी घेत असे. समितीतील दोघांना मीच नापास केलेले आहे.

खुबा सकाळपासून ठणकत होता, तेव्हा निघण्यापूर्वी चार लांब झुरके घेतले. लांब अशासाठी की बारीक झुरके म्हणजे धरसोड. वाचू लागलो. पहिला परिच्छेद भव्य. दुसऱ्यात आवाज फाटला. तिसऱ्यात जीभ टाळूला चिकटली आणि सोडवितेवेळी माइकमधून आवाज झाला. माइक त्यांनीच माझ्यापुढे ठेवला होता.

लबॉकने नंतर वाचले. दात काढण्यापूर्वी धीर देतात त्या सुरात. लोकांना आवडले.

निर्णय: वाचन मीच करायचे, लबॉक ‘राखीव’ म्हणून शेजारी बसणार. बाहेर पडताना तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काळजी नको मास्तर, मी नुसता बसणार. हात मी झटकला. खुब्यात कळ आली.

२८ जून

अंतिम संकल्प. एक जुलैपासून चारच्या दुपारपर्यंत पूर्ण बंद. घसा विश्रांती घेईल. खुब्याला मी सहन करीन. माझे आजोबा खाणीत काम करीत.

२ जुलै

आजोबांना खुबा होता की नाही, याची माहिती नाही. एकच झुरका. दोनशे वीसवरच.

३ जुलै

कालच्यासारखेच. एकाहून किंचित अधिक.

४ जुलै, सकाळ

मुलगी क्लॅरिस आणि आर्मिन काल संध्याकाळी विमानतळावरून थेट आले. पांढरा सूट इस्त्री झाला. पायऱ्या चढावयाच्या आहेत, म्हणून निघण्यापूर्वी थोडेसे घेणे आवश्यक. मध घेतला आहे. पाणी घेतले आहे. आज गाव ऐकेल.

४ जुलै, दुपार

जाहीरनाम्यातील राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी सुरू झाली तिथे माझा आवाज बंद पडला. बसला नाही, बंद पडला. ओठ हलत होते. पुढच्या रांगेतील एका बाळाने रडावयास सुरुवात केली आणि मला ते स्पष्ट ऐकू आले, यावरून मी किती गप्प होतो ते कळावे. लबॉकने आधी मला पाण्याचा पेला दिला, मग माझ्या हातातील कागद घेतला. ओढून नव्हे. हळूच घेतला. त्याचा राग मला अधिक आला.

टाळ्या खूप झाल्या.

४ जुलै, संध्याकाळ

आर्मिन अंगणात माझे यंत्र हातात घेऊन बसला होता. त्याने विचारले की, बाबा, हे दोनशे वीसवर कोणी ठेवलं? मी म्हणालो, मी, सौम्य असावे म्हणून. त्याने यंत्राचा पडदा माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, बाबा, हे सेल्सियस आहे, तुमचं इथलं फॅरनहाइट नव्हे, तुम्ही कॉफी भाजताय की काय? त्याने दोन बटणे एकदम दाबली. ‘सी’ जाऊन ‘एफ’ आला आणि आकडा झाला ४२८.

व्हर्ना घरात गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. दुकानातील बाईने अंशांचा प्रकार विचारावयास हवा होता. पूर्णबिंदू असता तर मी त्या अक्षराकडे अधिक गंभीरपणे पाहिले असते.

६ जुलै

यंत्र व्हर्नाने स्पिरिटने पुसले. आर्मिनने ३५६ वर लावून दिले. आधी पाणी, मग बारीक झुरके. खोकला नाही. खरखर नाही. तोंड जरा कोरडे पडते, पाण्याने जाते. खुबाही शांत. आवाज असा की खिडकीची काच थरथरली.

दुपारी समितीच्या बाई आल्या. साप्ताहिकात छापावयाचा मजकूर होता. मास्तर, तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय कसा द्यायचा, असे म्हणाल्या. मजकूर असा: डॉ. लबॉक यांनी ऐन वेळी केलेल्या उत्कृष्ट वाचनाबद्दल गाव त्यांचे ऋणी आहे, आणि पुढील वर्षापासून हा मान त्यांच्याकडे राहील.

लाल पेन घेतला. स्वयंपाकघरात उभा राहून संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचला. घसा एकदाही अडखळला नाही. पुन्हा वाचला, सावकाश, प्रत्येक स्वल्पविरामावर थांबून.

एकही चूक सापडली नाही.