बसलेला आवाज

३ ऑगस्ट

चि. गट्टूस ताईचे अ. आ.

फोनवर बोलता येत नाही, हे समोरच बसलेले असतात, म्हणून पत्र. ह्यांच्या घशाच्या ऑपरेशननंतर ह्यांचे शाळेतले गाण्याचे तास एका बाईंकडे गेले. डॉक्टर म्हणतात, घसा वापरात राहू द्या, वाट पाहा. पाहतो आहोत.

तू दिलेला बिनतारी स्पीकर फ्रीजवर ठेवलाय. फोनवरून गाणी लावते. हे दिवसभर ऐकतात, सोबत हळू गुणगुणतात. पण गाणं मध्येच तुटतं, सूर जाड येतो. ह्याचा आवाज अजून बसलेलाच आहे. सकाळी जरा बरा, दुपारनंतर नुसती खरखर. गाणं तरी नीट ऐकू यावं. सभागृहातले स्पीकर तूच सांभाळतोस, तुला कळेल.

जेवत जा वेळेवर. तुझी आठवण काढणारी,
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

फ्रीजवर कोणी स्पीकर ठेवतं का? अख्खा फ्रीज सोबत वाजतो. लाकडी टेबलावर ठेव, भिंतीपासून हातभर पुढे. ब्लूटूथ सोड, वायफायला जोड. राउटर कपाटात कोंडला असशील, तो बाहेर काढ. गाण्यांच्या ॲपमध्ये आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा निवड.

ह्याचा आवाज दुपारनंतर खरखरतो म्हणतेस, म्हणजे तापत असणार. दुपारी थोडा वेळ बंद ठेव. तरी सुधारला नाही तर जीव लावून बसू नकोस, टाकून दे. दुसरा आणू.

भावजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशी असू दे.
गट्टू

२० ऑगस्ट

चि. गट्टूस अ. आ.

बावळटा, तो आवाज स्पीकरचा नव्हे, ह्यांचा. माझं एक टिंब राहिलं. पत्र नेमकं ह्यांच्याच हाती पडलं. हल्ली बोलायचं ते पाटीवर लिहितात. लिहून दाखवलं, मेहुणा मला दुपारी बंद ठेवायला सांगतो, टाकायचं कधी? खूप हसलो. ह्यांच्या हसण्याला आवाज नव्हता.

तू सांगितलंस ते सगळं केलं. गाणं लख्ख झालं. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. हे डोळे मिटून ताठ बसले. मग गुणगुणू लागले आणि थांबले. आधी त्या जाड सुरात ह्यांची खरखर मिसळून जायची. आता वेगळी पडते. तेव्हापासून गुणगुणणं बंद. घशाला तेवढाच व्यायाम होता.

काल स्पीकर परत फ्रीजवर ठेवला. ह्यांनी काही न लिहिता उचलून टेबलावर आणला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

चांगला झालेला आवाज बिघडवायचा कसा, तेवढं कळव.
तुझीच,
ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतोय. दर्जा खाली आणला की आवाज बिघडतो, त्यात काही नाही. पण भावजींचा कान तयार आहे. आपण मुद्दाम केलंय हे पहिल्याच ओळीला ओळखतील. आणि मग तुझ्याशी पाटीवरसुद्धा बोलणार नाहीत.

रविवारी येतो. माझ्याइतका बेसुरा त्यांनी वर्गात कधी ऐकला नसेल. त्यांच्या शेजारी बसून, गाणं लावून, मोठ्यानं गाईन. चिडून का होईना, ‘गप्प!’ म्हणतील. घोगऱ्या आवाजात म्हणाले तरी चालेल. नाहीच म्हणाले, तर मला पुढचं काही सुचलेलं नाही.

तोवर सांभाळून घे. जमेल तेवढा लोभ ठेव.
गट्टू