भाटीवरचा पहिला घोट

प्रिय बाबा,

पाहुणे आत्ताच गेले. आई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलीय आणि मी छापून उरलेल्या कार्यक्रमाच्या कागदामागे तुम्हाला लिहितेय. संध्याकाळपर्यंत थांबले असते, तर शहाण्यासारखं काहीतरी लिहून बसले असते. आत्ता अंगाला भाटीचा धूर येतोय, तोवरच लिहिलेलं बरं.

सहा जण आले होते, बाबा! आपल्या पार्से गावात, आपल्या घरी, तुमची काजूची दारू गाळायची भाटी बघायला. दोन दिवस राहिले, जेवले, आणि जाताना आईच्या पाया पडले.

तुम्हाला आठवतं ना, मी पणजीत सहलींच्या कचेरीत होते तेव्हाची गोष्ट? नाशिककडच्या द्राक्षमळ्यांच्या सहली मी आखायचे. कुठे उतरायचं, कुठल्या वायनरीत किती वाजता जायचं, जेवायला काय. एकदा सुट्टीत घरी आले तेव्हा ओटीवर बसून तुम्हाला सगळं सांगितलं. ग्लास कसा फिरवतात, वास कसा घेतात, त्यावर कसं बोलतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि सहज विचारलंत, "आमच्या भाटीर कोण येतलो गो?" मी हसले. म्हटलं, बाबा, धुरात बसायला कोण येणार? तुम्ही उठलात. हातातला छोटा ग्लास धुतलात आणि कोनाड्यात उपडा ठेवलात.

का नाही रागावलात हो? एक शब्द ऐकवला असतात, तर माझं ओझं थोडं हलकं झालं असतं.

खरं सांगू? मला लाज वाटायची. तुमच्या शर्टाला येणारा तो काजूच्या बोंडूंचा आंबूस वास मी वसतिगृहात कुणाला कळू दिला नाही. वडील काय करतात विचारलं, की बागायतदार म्हणायचे. खोटं नव्हतं म्हणा. पण फेणी गाळतात, हे दोन शब्द मी कधी उच्चारले नाहीत. आणि द्राक्षांच्या दारूवर दहा दहा मिनिटं बोलणाऱ्या तुमच्या या लेकीने तुमच्या हातची फेणी एकदाही चाखली नव्हती.

तुम्ही गेल्यावर भाटी दोन हंगाम थंडच होती. दादाच्या मनात बागायत बाहेरच्या कुणाला तरी चालवायला द्यायची होती. त्याचंही चुकलं नाही. पाळी गावच्या खाणीवरचं काम बंद पडल्यापासून त्याला अर्धवट काहीच नको असतं. मी म्हटलं, मला एक हंगाम दे. तो म्हणाला, हंगाम नाही, एक खेप देतो. पाहुणे आले आणि नीट गेले तर बघू, नाहीतर गप्प बसायचं. मी कबूल झाले आणि पणजीची नोकरी सोडून आले. आईने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग केली सुरुवात. तुम्हाला वाटेल, भाटीपासून केली असणार. संडासापासून केली, बाबा! पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. तुमच्या खोलीला लागून न्हाणीघर बांधलं, घरातल्या सगळ्या खाटांना नव्या गाद्या घातल्या, खिडकी मात्र तुमचीच ठेवली. जेवणाचं आईवर सोपवलं. पंचतारांकित काहीतरी करू नकोस, एवढंच सांगितलं. तिने ओल्या काजूगरांची उसळ, सुंगटांचं हुमण, सोलकढी आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज केली. नाश्त्याला बेकरीतले गरम उंडे दादाने आणले, न सांगता. ते मी लगेच हेरलं.

एक घोटाळा मात्र मी केलाच. कार्यक्रमात छापून बसले, "सकाळी सात वाजता पाहुणे स्वतः झाडावरचे बोंडू तोडतील." द्राक्षमळ्यात तसंच असतं ना, कात्री देतात हातात. तो कागद मी भिवाला वाचून दाखवला. तोच आपला सावंतवाडीकडचा भिवा, तुमच्याबरोबर अख्खं आयुष्य भाटीवर काढलेला आणि यंदा ती पुन्हा पेटवणारा. त्याने हातातला कोयता खाली ठेवला.

"बाय, झाडाक हात लावूचो नाय. तुझ्या बापाशीन जल्मात एक बोंडू तोडूक नाय."

मी खजील झाले. पिकून आपणहून पडेल तोच घ्यायचा, हे लहानपणी पाठ होतं मला! पुसून कुठे गेलं होतं, देव जाणे. पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्या कागदांवर ती ओळ पेनाने खोडली. आणि काल पाहुणे टोकाला खिळा मारलेल्या काठ्या घेऊन पाचोळ्यातले बोंडू टोचून टोचून गोळा करत होते. एक आजीबाई तर हटून बसल्या, त्यांची टोपली भरल्याशिवाय कुणी चहाला हलायचं नाही म्हणून.

आज सकाळी भाटीवर चव घ्यायचा कार्यक्रम होता. आधी यंदाची, एकदाच गाळलेली हुर्राक, मग तुमच्या शेवटच्या हंगामातली फेणी. काचेचा एकच भरलेला गराफांव उरलाय तुमच्या हातचा, तो आईने माळ्यावरून काढून दिला. पाहुण्यांत नाशिकचे एक गृहस्थ होते, स्वतः वाईन करणारे. दोन दिवस बारकाईने सगळं बघत होते आणि मला त्यांचीच धास्ती होती. मी त्यांच्यासाठी फेणीचा ग्लास भरायला सांगितला. भिवाने कोनाड्यातला तुमचाच ग्लास उचलला, भरला आणि तसाच उभा राहिला.

मग मला आठवलं. दारात आलेल्या माणसाला ग्लास देण्याआधी तुम्ही स्वतः एक घोट घ्यायचात. आपण पितो तेच दुसऱ्याला द्यायचं, ही तुमची रीत. मी दादाकडे बघितलं. थोरला तो, मान त्याचा. भिवासुद्धा त्याच्याकडे वळला.

दादा म्हणाला, "तिका दी."

बाबा, मी प्याले. सगळ्यांसमोर, चुलीपुढे उभी राहून. घसा जाळत गेली आणि मागून तो वास आला, तुमच्या शर्टाचा. डोळे भरून आले, ते लपवायचंही सुचलं नाही. नाशिकच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, कशी आहे? मला वाईनवर बोलायची सगळी भाषा येते. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"माझे बाबा फेणी गाळायचे," मी म्हटलं. "ही त्यांनी गाळलीय."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा मागितला. जिंकलो आपण!

गाड्या वळणाआड गेल्यावर दादा फाटकाशीच उभा होता. मी तो काय बोलतो याची वाट बघत होते. पाठमोराच म्हणाला, "फुडल्या आयतारा कितले जाण येतात?"

तर बाबा, वचन देते. झाडाला हात लावणार नाही. पहिला घोट घेतल्याशिवाय कुणाला ग्लास देणार नाही. आणि कुणीही विचारलं, कुठेही विचारलं, तर तुम्ही काय करायचात ते पूर्ण सांगेन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. ग्लास धुऊन कोनाड्यात उपडा ठेवलाय. रविवारी पुन्हा लागेल.

आठ जण येताहेत, बाबा.

तुमची,
बाय